न मारलेल्या अळ्या

आमच्या शाळेचा जन्म तंबाखूच्या वखारीत झाला आणि तो शिंकत झाला. पुढे समारंभांत भाषणं ठोकणाऱ्यांनी ज्ञानाची गंगा वगैरे पुष्कळ काही म्हटलं, पण त्यांतला एकही जण त्या दिवशी वखारीत नव्हता. मी होतो. माझं नाक अजून साक्ष देईल.

निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती, असा आमचा रिवाज. गावात जैनांची घरं बरीच, त्यांतलं एक आमचं. माझे थोरले चुलते मोठे शेतकरी. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. शाळा काढायचं खूळ त्यांच्या डोक्यातलं. कारण अगदी साधं होतं. गावातली हुशार पोरं इंग्रजी शिकायला बेळगावला नाहीतर कोल्हापूरला जायची, तिथल्या खाणावळीत कांदा-लसूण खायला शिकायची, दिवेलागणीनंतर जेवायची आणि कारकून होऊन परत यायची. पुष्कळदा यायचीच नाहीत. अण्णांना अशी शाळा हवी होती की पोरगा इंग्रजी शिकेल, शेतीचा धंदाही शिकेल आणि सूर्य मावळायच्या आत घरी येऊन जेवेल.

गावानं यातला "हायस्कूल" एवढा एकच शब्द ऐकला. बाकीचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. पोराच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून बाप त्याला शेतीच्या शाळेत घालत होते, आणि अण्णा त्याच पोराच्या हातात खुरपं द्यायला शाळा काढत होते. दोघंही एकमेकांवर खूश होते. इतक्या गैरसमजावर उभी राहिलेली दुसरी संस्था मी पाहिली नाही, पण ती टिकली, हेही खरंच.

मी त्या वेळी पुण्याला शेतकी शिकून सरकारी शेती खात्यात चिकटलो होतो. अण्णांनी बोलावलं आणि मी नोकरी सोडून आलो. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, "पुस्तकातली शेती शिकवणार म्हण की." गावात माझं नाव त्याच दिवसापासून "पुस्तकी शेतकरी" असं पडलं. मी तसा तापट माणूस. मनाशी म्हटलं, ह्याच गावात, ह्याच मातीत, ह्या लोकांच्या तोंडून मला शेतकरी म्हणवून घेईन, तर नावाचा. शाळा मोठी व्हावी असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याइतकंच हेही वाटत होतं.

शाळेला जागा नव्हती. अण्णांची तंबाखूची वखार आषाढात रिकामी व्हायची, ती शाळेला मिळाली. वखार रिकामी झाली तरी तंबाखू जात नाही. ती भिंतीत, जमिनीत, वाशांत मुरलेली असते. उद्घाटनाला चिकोडीचे मामलेदार आले. फळ्यावर खडूनं श्री काढायची आणि शाळा सुरू झाली म्हणायचं, एवढाच कार्यक्रम. मामलेदारांनी हात उचलला आणि कोपऱ्यातला एक शेतकरी शिंकला. झालं! शुभकार्यात शिंक. सगळे खाली बसले, घोट घोट पाणी प्याले, घटकाभर थांबले. पुन्हा हात उचलला तर पाटलांना शिंक. पुन्हा बसले. असं चारदा झालं. पाचव्या खेपेला खुद्द मामलेदारच असे शिंकले की हातातला खडू उडून पडला. तेव्हा अण्णा उठून म्हणाले, "सगळीच शिंकली म्हंजे अपशकुन कुणाचाच न्हाय. काढा साहेब श्री." मामलेदारांनी डोळे पुसत श्री काढली. ती वाकडी आली. दुसऱ्या दिवशी मीच ती नीट केली.

तर अशी शाळा. आषाढापासून माघापर्यंत वखारीत. फाल्गुनात नवा माल आला की आम्ही बाहेर, मग जैन बस्तीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, ओसरीवर, नाहीतर चिंचेखाली. शाळेचं वेळापत्रक तंबाखू ठरवायची. पहिला धंदा म्हणून सुतारकाम ठेवलं होतं. वर्षभरात मुलांनी एक स्टूल आणि अडीच पाट केले. अडीच अशासाठी की अर्ध्यावर असताना फळी संपली. स्टुलावर हेडमास्तर बसले नाहीत, कारण ते शहाणे होते. हे हेडमास्तर धारवाडकडचे, इंग्रजी फर्डं, कोटाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. शेतीतलं त्यांना एवढंच ठाऊक होतं की ती गावाबाहेर असते.

वर्षाला एक इयत्ता चढत शाळा वाढत गेली. इंग्रजी सहावीपर्यंत आलो आणि घोडं अडलं. सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. तो काढायचा तर शेतीचं पुरं हायस्कूल म्हणून सरकारी मान्यता पाहिजे. मान्यता पाहिजे तर शाळेची स्वतःची जमीन पाहिजे आणि त्या जमिनीत इन्स्पेक्टरसाहेब येतील त्या दिवशी मुलांनी स्वतः काढलेलं उभं पीक पाहिजे. नसेल तर सहावीची सगळी पोरं पुन्हा बेळगावच्या वाटेला लागणार, शाळा खालच्या वर्गांवर येणार आणि मी सरकारी नोकरी सोडून आलेला पुस्तकी शेतकरी घरी बसणार. वडील काय म्हणतील ते मला पाठ होतं.

अण्णांनी गावालगतची तीन एकर काळी जमीन शाळेला दिली. कागद करताना दोन अटी घातल्या. एक, या जमिनीतून कंद उपटायचा नाही. दोन, या जमिनीवर जाणूनबुजून जीव मारायचा नाही.

"अण्णा, नांगर चालला की जीव मरतातच की," मी म्हटलं.

"ते ठावं हाय मला. शेतकऱ्याला ते चुकत न्हाय, शास्त्रातबी त्याला माफी हाय. मी म्हणतोय ते जाणूनबुजून."

आता आली का पंचाईत! कंद नाही म्हटल्यावर कांदा, बटाटा, रताळं, हळद, आलं, सगळं गेलं. भुईमूग कंद की शेंग, यावर शाळेच्या कमिटीची सभा दोन तास चालली. शेवटी बस्तीतल्या पंडितांकडे माणूस पाठवला. पंडितांनी "शेंग" असा निकाल दिला, तोवर भुईमुगाचा पेरा टळून गेला होता. हेडमास्तरांनी रेशमाचे किडे पाळायचं सुचवलं, त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. अण्णांनी विचारलं, "धागा काढल्यावर किड्याचं काय हुतंय?" हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं. रेशीम तिथंच संपलं.

उरली तंबाखू. तिला कंद नाही, तिच्यात रक्त नाही. अण्णांनी जन्मात तंबाखूला तोंड लावलं नव्हतं, पण त्यांची आठ आणे, म्हणजे निम्मी, जमीन तंबाखूखाली होती. ओढणारा खोकून मेला तर तो आपल्या कर्मानं मेला. अळी मेली तर ती मात्र आपल्या हातानं. हा हिशेब मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही. माझं घरही त्याच तंबाखूवर उभं होतं, आणि माझं शिक्षणही.

शाळेच्या रानाच्या उगवतीला बांध, बांधाला शेवरीची झाडं आणि बांधापलीकडे एका मराठा शेतकऱ्याचं एकुलतं एक शेत. साठीचा माणूस. त्याला सगळे आबा म्हणायचे. तो, त्याची म्हातारी आणि बैलजोडी, एवढाच त्याचा संसार. पोरी नांदायला गेलेल्या. आबाला अक्षर येत नव्हतं, पण तंबाखूत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. निपाणीचे व्यापारी त्याच्या पानाचा वास घेऊन शेत ओळखायचे.

आम्ही लावणीला उतरलो त्या दिवसापासून हा माणूस बांधावर येऊन उभा. रोपंही त्याच्याच वाफ्यातली, आम्ही मागितली आणि त्यानं दिली. दिली ती दिली, वर जिभेला हाड नाही.

"मास्तर, रोप असं धरत्यात व्हय? नव्या नवरीचा हात धरल्यागत धरलाईसा. दाबा की जरा! मरत न्हाय ते."

पोरं खो खो हसली. मी कॉलेजातल्या टिपणांची वही मिटली. राग असा आला होता की तेच रोप त्याच्या डोक्यात लावावं. पण संध्याकाळपर्यंत मी लावलेली रोपं माना टाकून होती आणि आबानं बांध ओलांडून लावलेली एक ओळ ताठ उभी होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रोपं घेऊन उभा राहिलो. आबाच बोलला, "आजबी कॉलेजातली पद्धत हाय, का शेतातली घ्यायची?"

त्यानंतर तो रोजच यायचा. कोळपं कसं धरायचं, पाणी कुठं तोडायचं, सगळं टोमणे मारत मारत. झाड कमरेला लागलं, तेव्हा त्यानं पोरांना शेंडा खुडायला शिकवलं. खालून पानं मोजायची, अंगठ्याचं नख कुठं लावायचं, कोवळा शेंडा एका झटक्यात कसा मोडायचा. बगलेतले फुटवे कधी काढायचे आणि कधी राहू द्यायचे. पोरं त्याच्या मागं मागं असायची. मी माझ्या हजेरीपुस्तकात "प्रात्यक्षिक: शेंडा खुडणे" असं लिहायचो आणि खाली माझी सही करायचो. सही करायला मला कधी जड गेलं नाही. शिकवणारा मी होतो ना! पगार मला होता.

सांगायचं म्हणजे, पीक नजर लागावी असं आलं. साहेबांची तारीख आली, महिनाभर पुढची. आणि अळी पडली.

तंबाखूची अळी पाहिली नसेल त्यानं तिला साधी समजू नये. दिवसा ढेकळाखाली दडते, रात्रभर खाते. सकाळी पान बघावं तर चाळण. गावात तिच्यावर एकच उपाय होता: पहाटे वेचायची आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायची. मी सरळ अण्णांकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा, अळी पडलीय. मारायला पाहिजे."

"अट हाय."

मला संताप आला. म्हटलं, "तुमच्या स्वतःच्या रानात काय करता?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माझ्या रानात गडी येचत्यात. पुढं काय करत्यात ते मी इच्यारत न्हाय. ते माझं पाप हाय आणि माझ्यापाशी हाय. पर शाळंत पोरं हाईत रं. पोरांच्या हातानं मारून घेतलं, म्हंजे ते पाप ऱ्हात न्हाय, ते शिक्षण हुतंय."

  मी विचारलं, "मग पीक जाऊ द्यायचं? शाळा जाऊ द्यायची?"

"येचा आणि सोडून द्या की कुठंतरी लांब. वड्याच्या पलीकडं घाणेरी हाय, एरंड हाय. खाऊ देत तिथं."

ओढा शाळेच्या रानापासून चांगला मैलभर. पण दुसरी वाट नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे सगळी शाळा रानात. प्रत्येकाच्या हातात डबा. अण्णांनी निरोप पाठवला की डब्यांच्या झाकणांना भोकं पाडा, आत जीव गुदमरतील. भोकं पाडली. हेडमास्तरांनी वेळापत्रकात या तासाला "प्लँट प्रोटेक्शन" असं नाव दिलं आणि ते लाल शाईनं लिहिलं. पोरांनी वेचायच्या, डबे भरायचे, ओढ्यापलीकडे नेऊन सोडायच्या आणि घंटेच्या आत वर्गात हजर. उशीर झाला तर छडी. छडी माझ्या हातात होती आणि मी ती वापरायचो.

आणि नवल म्हणजे पीक सावरलं. चाळण झालेली पानं काढून टाकली, बाकीची आठवड्याभरात हिरवीगार, रुंद, पसरलेली. अळी दिसेनाशी झाली. मी फुशारून गेलो. अहिंसक पीकसंरक्षण म्हणून एखादा लेख लिहावा असंसुद्धा डोक्यात आलं. लेखाचं पहिलं वाक्य तयार होतं. पोरं वेळेच्या आधी वर्गात हजर होत होती, हे मला खटकायला हवं होतं. मैलभर जाऊन मैलभर परत, तरी कुणाला धाप नाही. मास्तर माणसाला पोरं वेळेवर आली की पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. आबा चार-पाच दिवस बांधावर आला नव्हता, तेही मला बरंच वाटलं होतं. तेवढे टोमणे कमी.

साहेब यायला चार दिवस होते. त्या सकाळी मी सहज पोरांच्या मागून निघालो. पोरं ओढ्याकडे वळलीच नाहीत. शेवरीच्या आड गेली, बांधापलीकडे डबे पालथे केले, झाकणं लावली आणि हसत परत फिरली. मी शेवरीतून पाहिलं.

आबाचं शेत उभं होतं, पण पान म्हणावं असं काही उरलं नव्हतं. नुसत्या शिरा. लांबून बघितलं तर कुणी जाळ्या वाळत घातल्यात असं वाटावं. पलीकडच्या टोकाला आबा आणि त्याची म्हातारी ओणवी होऊन वेचत होती, शेजारी रॉकेलच्या पाण्याची घागर. आमच्या शाळेनं भोकं पाडून, जपून, जिवंत आणलेल्या अळ्या ती दोघं तिथं मारत होती. त्यांच्या जमिनीला कसली अट नव्हती.

 मी शेवरीच्या खोडाआड झालो. आता काय करायचं? पोरांना थांबवायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की गावभर होणार, अण्णांच्या कानावर जाणार, अण्णा तोंड फिरवणार, कमिटी बसणार, आणि साहेब चार दिवसांवर. सगळी पोरं लावून आबाचं शेत वेचून द्यावं, हेही सुचलं. पण आता वेचून काय, पान गेलेलं. असा मी विचार केला. विचार कसला, पळवाट काढली. म्हटलं, चार दिवस जाऊ देत. साहेब येऊन जाऊ दे. मग आबाचं बघू.

मी माघारी फिरलो. पोरांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही डबे भरले, तिसऱ्या दिवशीही भरले. मी शेवरीकडे गेलो नाही.

इन्स्पेक्टरसाहेब आले. बेळगावहून निपाणीपर्यंत मोटार, तिथून बैलगाडी. माणूस उमदा होता, शेतीत जन्मलेला, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं; वाफ्यातून चालताना पाय नेमका सरीत पडत होता. हेडमास्तरांचं इंग्रजी भाषण त्यांनी उभ्या उभ्याच आवरतं घेतलं आणि सरळ रानात शिरले. पान हातात घेतलं, उलटं केलं, अंगठ्यानं जाडी पाहिली. मग मागास राहिलेल्या एका झाडाकडे बोट करून एका पोराला म्हणाले, "शेंडा खुडून दाखव."

पोरानं खालून पानं मोजली, नख लावलं आणि एका झटक्यात शेंडा मोडला. साहेब थक्क झाले. "वा! हे कुणी शिकवलं रे?"

पोरानं बांधाकडे पाहिलं. पोरगं ते, तोंडून खरं निघायच्या बेतात होतं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "सराव करून घेतला, साहेब."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. दोन्ही हातांनी. म्हणाले, "मी पुष्कळ शेतकी पदवीधर पाहिले. शेतकरी आज पाहिला." अण्णा तिथं होते. वडीलही होते, मागच्या रांगेत, पहिल्यांदाच शाळेच्या रानात आलेले. त्यांनी मान हलवली.  इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जळलो होतो, तो सगळ्या गावासमोर, साहेबाच्या तोंडून.

तेवढ्यात साहेबांची नजर शेवरीतून बांधापलीकडे गेली. "अरेरे. ते शेत कुणाचं?"

हेडमास्तर तत्परतेनं म्हणाले, "एका अडाणी शेतकऱ्याचं, साहेब. शाळा शेजारी असून लाभ घेत नाहीत हे लोक."

साहेबांनी मान डोलावली. वही काढली आणि तिथंच शेरा लिहिला. हेडमास्तरांनी तो लगेच सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला: सुशिक्षित आणि अशिक्षित शेतीतला फरक पाहायचा असेल तर या शाळेच्या बांधावर उभं राहावं, मान्यतेची शिफारस.

टाळ्या झाल्या. मी मान वर केली तर आबा बांधावर उभा होता. धुवट पटका बांधून, धुवट धोतर नेसून आलेला. साहेब येणार म्हणून. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं काही ऐकलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण अंतर दहा पावलांचं होतं आणि हेडमास्तरांचा आवाज खणखणीत.

त्या दुपारी गावात साखर वाटली. अण्णा मला म्हणाले, "बघ, एकबी जीव न मारता झालं का न्हाय?" मी हो म्हटलं.

तीन दिवसांनी मी आबाकडे गेलो. तो उरलेली झाडं उपटून बांधावर टाकत होता.  कसंबसं सगळं सांगितलं, अळ्या आमच्याच, पोरांनी टाकल्या, मला चार दिवस आधी कळलं होतं आणि मी गप्प राहिलो.

आबानं काम थांबवलं नाही. म्हणाला, "ठावं हाय की. पोरं मला इच्यारून टाकत हुती."

"विचारून?"

"पयल्या दिशी आलती. म्हनाली, आबा, वड्याला गेलं तर घंटा हुतीया आन मास्तर हाणत्यात, हितं टाकू का? म्हटलं, टाका. धा-वीस अळ्या, मी मारंन. मग लई झाल्या. म्हातारीनं शिव्या दिल्या मला. पर पोरांस्नी आता न्हाय कसं म्हनू? साहेब येणार म्हनून ती बी घाबरलेली."

म्हणजे शाळेत कुणीतरी विचारलं होतं. पोरांनी विचारलं होतं. न विचारणारा मी एकटाच होतो.

"आबा, तुमचं वर्ष गेलं," मी म्हटलं. 

"वर्स जातंय, येतंय. त्याचं काय न्हाय." त्यानं एक झाड उपटलं, मुळाची माती झटकली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "पर मास्तर, त्या साहेबाला तुम्ही एवढं एक सांगायचं हुतंसा. ह्यो माणूस अडाणी न्हाय म्हनून. एवढंच. बाकीचं सगळं तुमचं घ्या."

 मी म्हटलं, "आबा, मी साहेबांना पत्र लिहितो. आजच लिहितो. सगळं खरं खरं."

"लिवा की," आबा म्हणाला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

मान्यता आली. मॅट्रिकचा वर्ग निघाला. लढाईच्या दिवसांत शाळेची दगडी इमारत झाली, पुढे वसतिगृह झालं. स्वराज्य आलं त्या वर्षी आमची पोरं बेळगावच्या कचेऱ्यांत कारकून म्हणून भरली होती, शेतात फार थोडी. साहेबांचा शेरा हेडमास्तरांनी काचेत बसवून ऑफिसात लावला. त्यांच्यामागून मी हेडमास्तर झालो आणि त्याच्याखालीच बसायला लागलो. आबा पुन्हा कधी बांधावर आला नाही. त्याचं शेत पुढच्या साली पूर्वीसारखंच आलं, आमचं आलं नाही.

पत्र मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मान्यता गेली असती, पोरांचं नुकसान झालं असतं, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मान्यता गेली नसती. साहेब भला माणूस होता. वाचून हळहळला असता, कदाचित आबाला भेटायलासुद्धा आला असता. मला भीती मान्यतेची नव्हतीच. त्यानं सगळ्या गावासमोर, माझ्या वडिलांसमोर, मला शेतकरी म्हटलं होतं, आणि तेवढं मला त्याच्याकडून खोडून घ्यायचं नव्हतं.